क्लच नसलेली गाडी

"चालते नं, त्याला काय होते!" असं म्हणत ती खुर्चीच्या पाठीवर तळवा थापटायची आणि मगच बसायची. आमच्या खराडीच्या ऑफिसात ती टेस्टिंगची लीड होती, मूळची वर्ध्याची. सर्व्हर बंद पडला तरी चालते, भाजी खारट झाली तरी चालते. मी पुण्याच्या कसबा पेठेतली. 'चालते' नव्हे, 'चालतं' म्हणावं, हे मी तिला ओळख झाल्या झाल्या ऐकवलं.

"तुझं चालतं, माझं चालते," ती म्हणाली. विषय संपला. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो.

एक मजलाही लिफ्टशिवाय न चढणारं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे ती होती. टीम सिंहगडावर निघाली की ती पायथ्याला गाडीतून उतरायची आणि तिथल्या हॉटेलात बसायची. "तुम्ही या जाऊन. मी पिठलं-भाकरी सांगून ठेवते." आम्ही धापा टाकत खाली येईपर्यंत पिठलं वाफाळत असायचं. कुणी आळशी म्हटलंच, तर तीच आधी हसायची.

मग तिनं अचानक गाडी घेतली. ऑटोमॅटिक. तेव्हा अशा गाड्या पुण्यात फार दिसत नसत. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले, "मॅडम, आधी गिअरची शिका. मग ही काय, कुणीही चालवतं." तिनं मान डोलावली आणि शिकाऊ लायसन्स काढून थेट मला शेजारी बसवलं. रविवारी सकाळी आयटी पार्कमागचे रस्ते मोकळे असायचे. ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि रस्त्यावर चिटपाखरू नसताना हॉर्न वाजवायची.

"ताई, कुणासाठी वाजवतेस?"

"येईल नं कोणी!"

अशाच एका रविवारी मी तिला घरी चहाला आणलं. माझे वडील निवृत्त शिक्षक, अस्सल पेठेतले. क्लच नसलेली गाडी ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. उजव्या पायानं ब्रेक, उजव्याच पायानं ॲक्सिलरेटर, हे सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आणि डावा पाय मग काय, शोभेला?"

ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. "हो नं काका! शोभेलाच!"

लायसन्सच्या टेस्टला मी रजा टाकून तिच्यासोबत गेले. आरटीओच्या मैदानात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा इन्स्पेक्टर खिडकीतून आत वाकले, पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "क्लच घरी विसरलात का?"

"ऑटोमॅटिक आहे, साहेब."

"ते दिसतंय. उद्या हेच लायसन्स घेऊन गिअरची गाडी रस्त्यावर आणाल. एवढी कसली भीती वाटते क्लचची?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती दार उघडून खाली उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि डाव्या नडगीवर बोटांनी टकटक केलं. दारावर करावं तसं. आवाजही तसाच आला.

"हा माझा नाही, साहेब. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवते."

मी गाडीतच होते. कानात नुसतं सुं सुं झालं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला होता. लक्ष्मी रोडला चपलांची दुकानं पालथी घातली होती. तिथेही ती चप्पल हातात घेऊनच बघायची, घरी नेऊन घालून बघते म्हणायची. माझ्या वडिलांचं ते 'शोभेला' आठवलं.

इन्स्पेक्टरांनी सर्टिफिकेट पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बसा आपण. रिव्हर्स घेऊन दाखवा." तिनं घेतली. चढावर थांबवून पुन्हा काढली. ते "पास" म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे निघून गेले.

फाटकाबाहेर मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला सिंहगडावर उचलून नेलं असतं. मले पिठलं बरं."

मला हसू येईना. मग तिनंच सांगितलं. कॉलेजात असताना अपघात झाला होता. चालवणाऱ्याचा डोळा लागला, गाडी डाव्या बाजूनं झाडावर गेली, आणि डावीकडे ही बसली होती.

"कोण चालवत होतं?"

"बाबा."

तिच्या वडिलांना फक्त खरचटलं होतं. तेव्हापासून ते चारचाकीत बसले नव्हते. लेकीच्या पायाकडे त्यांनी एकदाही नजर टाकली नव्हती. आई गेल्यावर वर्ध्याला एकटेच राहत होते.

"त्यांना आता एकदा गाडीत बसवायचं आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या गाडीत नाही बसणार ते."

घरी हे सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी कप खाली ठेवला. "मी हे काय बोलून गेलो," एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढे तिनं नागपूरची बदली घेतली. निघायच्या आधी आपल्या वडिलांना तिनं रेल्वेनं पुण्याला बोलावून घेतलं. हडपसरला तिच्या बिल्डिंगखाली मी निरोप द्यायला गेले, तेव्हा ते बारीक अंगाचे गृहस्थ गाडीच्या उघड्या दारापाशी उभे होते. ती स्टिअरिंगवर बसून वाट बघत होती. बोलावलं नाही, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं ते स्वतःच पुढच्या डाव्या सीटवर बसले. पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "मी झोपणार नाही, बेटा. तू चालव."

"झोपा नं, बाबा. मी आहे जागी."

ते ताठ बसून राहिले. डोळे विस्फारलेले, हात गुडघ्यांवर आवळलेले. गाडी तशीच वळून रस्त्याला लागली.

दुपारी तिचा फोन आला. शिरूरच्या पुढे एका हॉटेलापाशी गाडी उभी केली होती. तिचा आवाज इतका दबका होता की मला वाटलं काहीतरी झालं.

"हळू बोल," ती म्हणाली. "बाबा झोपले."