बाबांच्या पंगतीला आलेली लाकडे

ज्या दिवशी मी माझ्या घरी कुटुंबाला जेवण दिले, त्या दिवशी दुपार ढळेपर्यंत आमच्या गल्लीत एकही चूल पेटली नाही.

प्रथम माझी ओळख देणे उचित होईल. मी शालिक. शिक्षण नववी (दहावीची परीक्षा माझ्या योग्यतेची नव्हती). व्यवसाय, चामोर्शीच्या कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहिणे. माझा अर्ज वाचून कठोरातील कठोर साहेबही खुर्चीत चुळबुळ करतो, असा माझा लौकिक आहे. अशा माणसाला एक जेवण घालणे काय अवघड, असे मलाच वाटले, आणि तेथेच सर्व बिघडले.

बाबा खाटेला लागले होते. डॉक्टरांनी सांगितले, "घरी न्या, जे मागतील ते खाऊ द्या." या वाक्याचा अर्थ गावात लहान लेकरालाही समजतो. बाबांनी खायला काहीच मागितले नाही. ते म्हणाले, "दोघं पोरं दोन बाजूले बसवा अना मले मधात. एक डाव जेवू द्या."

आता दोघांपैकी एक पोर मी, सदैव हजर. दुसरा माझा मोठा भाऊ नामदेवदादा, भद्रावतीला राहणारा. माझ्या मुलीच्या लग्नात त्याच्या ताटात मटणाचा नुसता रस्सा पडला, तुकडा एकही नाही. तो भरल्या ताटावरून उठला, तेव्हापासून तो माझ्या दाराची पायरी चढला नव्हता. (वाढणारा त्याचाच साळा होता. हे तो सोयीस्करपणे विसरतो.)

मी फोन केला. "दादा, रविवारी जेवाले ये. बाबाची इच्छा हाये."

"तुह्या घरचं पानी नाई पेत मी."

"पानी नको पिऊ. जेव फक्त."

फोन बंद! तरीही मी बेत रद्द केला नाही. बाबांजवळ वाट पाहण्याइतका वेळ नव्हता.

माझी पत्नी यशोदा म्हणाली, "वीस मानसायचा सयपाक मी एकटी करू का? अना बुढ्याले कोन पाहीन?"

"कामाचे विभाजन करू," मी म्हणालो. माझी योजना अशी होती की, शेजारच्या वच्छलाबाईने भात करावा, तिच्या पलीकडच्या मुरलीभाऊच्या घरी वरण व्हावे, समोरच्यांनी वांगे-आलूची भाजी पाहावी आणि आम्ही फक्त पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करावा. कोणालाच भार नाही. आदल्या दिवशी मी स्वतः दारोदार फिरून सर्वांना सांगितले. जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचे होते, कारण जंगलाच्या बाजूच्या रस्त्यावर तेव्हा वाघ फिरत होता आणि पाहुण्यांना उजेडात परत जायचे होते. यशोदासुद्धा म्हणाली, "बेत त सोपा हाये." तिच्या तोंडून माझी स्तुती निघाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते!

रविवारी सकाळी यशोदाने पंगतीसाठी खोली सारवायला घेतली. त्यासाठी बाबांची खाट अंगणात आणली. औषधाने त्यांना गाढ झोप लागली होती, माश्या घोंगावत होत्या, म्हणून तिने पांढरी चादर त्यांच्या डोक्यावरून ओढली. मग ती उंबऱ्यात बसून रश्श्यासाठी कांदे चिरू लागली आणि धारोधार रडू लागली. (आमच्याकडचा कांदा तिखट असतो.)

मी बाबांची दाढी करायला न्हाव्याला बोलावले होते. बाबा झोपलेले पाहून तो म्हणाला, "तुमचीच करतो, भाऊ." दाढी झाली. मग मिशीला हात घातला.

"भाऊ, डावीकून जराशी कमी झाली."

"मग उजवीकून कमी कर."

"आता उजवीकून जास्त झाली कमी."

असे न्यायदान करता करता माझी तीस वर्षांची मिशी पूर्णपणे बरखास्त झाली! मी आरशात पाहिले आणि मान खाली घालून खाटेच्या पायथ्याशी बसलो. नेमकी तेव्हाच वच्छलाबाई तांदूळ किती टाकायचे हे विचारायला फाटकात आली.

तिने खाट पाहिली. चादर पाहिली. रडणारी सून पाहिली. माझा सफाचट ओठ पाहिला.

"अव माय!" एवढेच म्हणून ती तोंडाला पदर लावून परतली. मला वाटले, हिला मिशी आवडत असावी.

आमच्या गल्लीची रीत अशी की, कोणाच्या घरी माती झाली तर मयत उचलेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही आणि सरणासाठी घराघरातून एक लाकूड, एक गोवरी येते. वच्छलाबाईने भाताच्या चुलीत तांब्याभर पाणी ओतले. मुरलीभाऊच्या घरचे वरण अर्धकच्चे उतरले. भाजी तर फोडणीलाच गेली नाही. काही वेळाने एकेक माणूस खाली मान घालून खांद्यावर लाकूड घेऊन माझ्या अंगणात येऊ लागला.

मी भारावलो! स्वयंपाक वाटून दिला, तर लोक सरपणसुद्धा घेऊन येतात! मी प्रत्येकाला हात जोडून म्हणालो, "आपले फार उपकार झाले. तिकडे रचून ठेवा." पलीकडच्यांच्या हातात पातेले नव्हते, हे मला खटकले, पण गरम पातेले शेवटीच आणतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. (आमचा रस्साही मी त्याच कारणाने अजून चुलीवर चढवू दिला नव्हता.)

मुरलीभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, कवा काढाचं?"

"दादा आला का लगेच."

"कळवलं ना त्याले?"

"मी कळवलं, पन माह्यं तो आयकत नाई."

"थांब, मी सांगतो." तो फोन घेऊन फाटकाबाहेर गेला. शेजारी असावा तर असा!

दुपार कलली. गल्लीतल्या बायका आणि जेवायला आलेले पाहुणे भिंतीला टेकून बसले होते आणि कोणी जेवायची गोष्टच काढत नव्हते. इतक्यात भाड्याची गाडी धुरळा उडवत आली आणि नामदेवदादा चप्पल न घालताच उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. धावत जाऊन तो खाटेवर कोसळला आणि बाबांचे पाय छातीशी धरून ओरडला, "बाबा! मी आलो नाई गा! बलावलं तरी आलो नाई!"

साऱ्या बायकांनी एकदम सूर लावला. मी पाटोडीचे कच्चे बेसन हातात घेऊन उभाच राहिलो. तेव्हा कोठे माझ्या नववीपर्यंतच्या बुद्धीला उजेड दिसला!

चादर हलली. आतून बाबांचा आवाज आला, "कोन होय? नामदेव? जेवला का?"

रडणे मधेच तुटले. मुरलीभाऊच्या हातून गोवरी पडली. दादा मागच्या मागे बसला. मग हळूहळू उठून तो माझ्यासमोर आला.

"शाल्या! जित्या बापाले मारून मले बलावलं?"

"दादा, मी नाई..."

"मिशी काऊन काढली मंग?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते कोणत्याही कचेरीत टिकले नसते. दादा गाडीकडे वळला. दार उघडले. बाबा कोपरावर उठायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना उठता येत नव्हते.

"जा," ते म्हणाले. "मेल्यावर येशीलच. पन तवा मी नाई राहीन तुह्यासंगं जेवाले."

गाडीचे दार बराच वेळ उघडेच होते. मग दादा परत आला आणि बाबांच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसला. "वाढा," तो म्हणाला.

वाढायला काय? साऱ्या गल्लीत शिजलेला घास नव्हता! यशोदाने डोळे पुसले, घरातले तांदूळ आणि डाळ एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, टाकली आणि त्या लाकडांतली चार चुलीत घातली. वीस माणसांनी खिचडी आणि कांदा खाल्ला. दादाने ताटाकडे पाहिले, मग माझ्या ताटाकडे, मग सगळ्या पंगतीकडे.

"आज कोनाच्याच ताटात तुकडा नाई," तो म्हणाला आणि जेवू लागला.

बाबांनी चार घास खाल्ले. "लाकूड चांगलं वाळलं हाये," ते म्हणाले. "उरलेलं ठेवून द्या. लागंन." आम्ही हसलो. हसताना दादाने तोंड फिरवले.

बाबा त्यानंतर दीड महिन्याने, पहाटे गेले. मी सर्वप्रथम दादाला फोन केला.

"दादा, बाबा गेले गा."

"हो का?" तो आनंदाने म्हणाला. "खिचडी हाये का पाटोडी?"

मी शपथ घेतली. तो हसला. मी रडलो. तो म्हणाला, "ह्या डाव मस्त रडून राह्यला तू!" इकडे वच्छलाबाईने चूल विझवण्याआधी स्वतः येऊन बाबांच्या नाकाशी बोट धरले, नंतर मुरलीभाऊने धरले आणि मगच लाकडे हलली. दादा दुपारच्या एसटीने सावकाश आला, धुतलेला सदरा घालून, हातात बाबांसाठी जिलेबीचा पुडा घेऊन. फाटकातच त्याला कळले. पुडा घेऊन तो तसाच खाटेजवळ बसला आणि मी त्याच्या बाजूला बसलो.

सरकारी कागदावर मेलेली कित्येक माणसे जिवंत आहेत, हे मी साहेबांना पटवून दिले आहे. आपला बाप मेला आहे, एवढे सख्ख्या भावाला पटवणे मात्र माझ्या लेखणीला, वाणीला आणि अश्रूंनाही जमले नाही. आणि दुर्दैव असे की, तेव्हा माझी मिशी पुन्हा पूर्ण वाढलेली होती!