सुरैय्याभाभींची कॉमेंट्री

सुरैय्याभाभींनी आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. तरी दोन हजार अकरा ते तेरा या तीन वर्षांत पनवेल आणि आसपासच्या ज्या घरांत गणूशेठची केबल पोचत होती, तिथे मोटारसायकलची शर्यत म्हटलं की लोकांना भाभींचाच आवाज आठवायचा. त्यांना माइकसमोर बसवलं मी. श्रेय घेत नाही, पण बसवलं मीच.

मी काशीराम. तेव्हा मी लग्नांचे व्हिडिओ काढायचो आणि सराई नसली की गणूशेठच्या लोकल चॅनेलसाठी कॅमेरा धरायचो. नगरपालिकेच्या सभा, गणपतीच्या मिरवणुका, शाळांची गॅदरिंगं, काय असेल ते. भाभींच्या मुलीच्या, जास्मीनच्या लग्नाचं शूटिंग माझ्याकडे होतं. त्याच्या सीडी द्यायला दोन हजार नऊच्या एका रविवारी संध्याकाळी मी मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर फॉर्म्युला वन चालू होती. समोर खुर्चीत भाभींचे यजमान अय्यूबभाई, काळा चष्मा लावून, मान थोडी कलती करून बसलेले. शेजारी सतरंजीवर भाभी, मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज. हूक लावता लावता त्या बोलत होत्या.

“लाल गाडी पुढे. मागे चंदेरी. मध्ये दोन गाड्या मावतील एवढी जागा. आता एकच मावेल. चंदेरीवाल्यानं डावीकडून नाक काढलं… नाही जमलं. गेला परत मागे.”

मला बघून त्यांनी हातानंच ‘बसा’ म्हटलं आणि बोलणं चालू ठेवलं. मला मोटारींच्या शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शर्यत संपेपर्यंत मी सीडी हातात धरून बसलो होतो.

मग चहा पिताना सगळी हकिगत कळली. अय्यूबभाई बाराएक वर्षं बहारीनला होते, पाण्याचा टँकर चालवायला. तिथे शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला तेव्हा त्याच कामावर त्यांचा टँकर होता. पुढे त्या रस्त्यावर पहिली शर्यत झाली, ती त्यांनी मातीच्या ढिगावर उभं राहून पाहिली आणि त्यांना वेडच लागलं. मग दर शर्यत टीव्हीवर. पण साखरेच्या आजारानं डोळ्यांना धरलं. दोन हजार सातमध्ये ते पनवेलला परत आले तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक समजत होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

शर्यतीचं वेड मात्र होतं तसंच. टीव्हीवरचे समालोचक इंग्रजीत बोलायचे आणि आखातात राहिल्यामुळे अय्यूबभाईंना ते बऱ्यापैकी समजायचं. अडचण वेगळीच होती.

“तो मध्येच ओरडतो, बघा, बघा काय केलं त्यानं!” अय्यूबभाई मला म्हणाले. “अरे बाबा, काय केलं ते सांग ना! बघता आलं असतं तर तुझी गरज काय होती?”

म्हणून त्यांनी बायकोला कामाला लावलं. पहिल्या रविवारी भाभींचं समालोचन एका वाक्याचं होतं: “सगळे गोल गोल फिरतायत.” दुसऱ्या रविवारी त्यांनी एकाच शर्यतीत एकाच माणसाला तीनदा भिंतीवर आपटवलं. अय्यूबभाई हबकले. एवढं आपटून हा परत परत गाडीत बसतो कसा? मग त्यांच्या लक्षात आलं की टीव्हीवाले तीच टक्कर फिरवून फिरवून दाखवतायत आणि भाभी प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी नवी म्हणून सांगतायत.

“मला काय माहीत!” भाभी लाजून म्हणाल्या. “मी दर वेळी त्या पोरासाठी दुवा करत होते.”

पण दोन वर्षांत त्या तयार झाल्या. अय्यूबभाई मास्तर कडक. पुढे कोण, मागे कोण, मध्ये किती अंतर, हे आधी सांगायचं. सुरुवातीलाच ओरडायचं नाही. पहिल्याच वळणावर गळा काढला तर शेवटच्या फेरीला काय काढणार? आणि कळत नसेल तिथे कळत नाही म्हणायचं. यात भाभींनी स्वतःचं म्हणून एक घातलं. शिवणकाम करणारी बाई, नजर बारीक. कुठल्या गाडीचं मागचं चाक थरथरतंय, कुणाची मान एका बाजूला झुकायला लागलीय, हे त्यांना अय्यूबभाईंनी न शिकवता दिसायचं. “हा दमलाय,” असं त्या म्हणायच्या आणि चार-पाच फेऱ्यांत तो मागे पडायचा.

पुढच्या वर्षी, दोन हजार दहाच्या जानेवारीत, नेऱ्याच्या एका मंडळानं मोटारसायकलच्या शर्यती भरवल्या. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांतून जेसीबीनं रस्ता काढला, दोन उंचवटे केले, भोवती दोऱ्या बांधल्या. नेऱ्यापर्यंत केबल नुकतीच गेली होती म्हणून गणूशेठनं ठरवलं, थेट दाखवायचं. बोलायला मुंबईहून माणूस आणला. अमन नाव त्याचं. कॉलेजांची गॅदरिंगं, दुकानांची उद्घाटनं असलं करायचा. आवाज खणखणीत, जॅकेट चकचकीत.

अमननं झेंडा पडायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली. “काय हा थरार! काय ही जिगर!” मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि कानावर हे येत होतं. मध्येच त्यानं पुढाऱ्यांची नावं घेतली, मध्येच एक शेर म्हटला. नंबर त्याला कुणीतरी दिले होते, पण कागद खिशातच राहिला. कोण पुढे आहे हे त्यानं अख्ख्या शर्यतीत एकदाच सांगितलं, तेही चुकीचं.

चौथ्या फेरीला एक पोरगा उंचवट्यावरून उडाला आणि आडवा झाला. अंकुश त्याचं नाव. नेऱ्याच्या वरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. पनवेलच्या एका गॅरेजात काम करायचा आणि मालकाचीच जुनी गाडी ठोकून ठाकून शर्यतीत उतरला होता.

“भीषण अपघात!” अमन ओरडला. “अरे देवा! काय झालं हे! मित्रहो, माझ्याकडे शब्द नाहीत!”

आणि तेवढ्यात तिकडे स्टुडिओत कुणीतरी साडीच्या दुकानाची जाहिरात लावली.

अंकुशची आई गुणाबाई गावातल्या किराणावाल्याच्या दुकानात टीव्हीसमोर उभी होती. तिनं पोरगा हवेत उडालेला पाहिला, ‘भीषण’ ऐकलं, आणि मग पडद्यावर साड्या. ती तशीच धावत सुटली. मैदानात पोचली तेव्हा तिच्या पायांत चप्पल नव्हती, आणि अंकुश उसाचा रस पीत उभा होता. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. अमन तोवर जेवायला गेला होता. गुणाबाईला कॅमेरा घेतलेला मी सापडलो.

“तुमी सांगितला ना रं, माझा पोर मेला म्हनून?”

“आम्ही तसं नाही म्हटलं, मावशी.”

“मंग काय म्हटला? जगला म्हनून तरी सांगितला काय?”

ती तिथेच बांधावर बसली. मी पाण्याची बाटली दिली, ती तिनं पायांवरच ओतून घेतली.

त्या रविवारी मी मुद्दाम भाभींच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. अय्यूबभाईंनी ती शर्यत ऐकली होतीच. केबलवाल्याच्या नंबरवर फोन करून त्यांनी ‘तुमचा माणूस शर्यत बघतोय की आरसा’ असं विचारलंही होतं. भाभींनी मात्र हातातलं हूक लावून दोरा तोडला. मग म्हणाल्या, “पोरगा उठून बसला, एवढंच सांगायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागतो?”

वर्ष फिरलं. पुन्हा शर्यतींची तारीख लागली तेव्हा मी गणूशेठला म्हटलं, या वेळी सुरैय्याभाभींना बोलवू. गणूशेठ माझ्याकडे बघतच राहिला. “ब्लाउज शिवणारी बाई? मोटारसायकलच्या शर्यतीत?” मी म्हटलं, एकदा रविवारी त्यांच्या घरी चल. तो आला, दोन तास बसला, उठताना म्हणाला, “बोलाव.” भाभीच तयार होईनात. शेवटी अय्यूबभाई म्हणाले, “मी घरी टीव्हीसमोर बसणार आहे. तू नाही गेलीस तर मला पुन्हा तो आरसेवाला ऐकावा लागेल.”

शर्यतीच्या दिवशी भाभी डोक्यावरून ओढणी घट्ट घेऊन मंडपात बसल्या. समोर माइक, हातात नंबरांचा कागद. सकाळीच एकेका पोराजवळ जाऊन त्यांनी प्रत्येकाच्या हेल्मेटचा रंग आणि शर्टाची खूण लिहून घेतली होती. झेंडा पडला. भाभी गप्प. अर्धी फेरी झाली, तरी गप्प. गणूशेठचा चेहरा पडला. माइकमधून नुसती इंजिनांची घरघर जात होती. मी कॅमेऱ्याआडून हळूच म्हटलं, “भाभी, घरी सांगता तसं सांगा.”

त्यांनी माइक जवळ ओढला आणि पनवेल, नेरे, ओवे, जिथपर्यंत केबल होती तिथपर्यंत सगळ्यांनी ऐकलं:

“अहो, बारा नंबर पुढे आहे. पांढरं हेल्मेट. त्याच्या मागे सात.”

त्या ‘अहो’नं मंडपात हशा पिकला. भाभींच्या ते लक्षातही आलं नाही. एकदा गाडी सुरू झाली ती झालीच. “अहो, सात नंबर वळणावर आतून जातोय. बारावाल्याला माहीत नाही. आता कळलं त्याला. गेला सात पुढे!” पुढची शर्यत, तिच्या पुढची, ‘अहो’ काही सुटेना. उरण नाक्यावरच्या पानवाल्यांनी म्हणे दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना ‘अहो, मागे कोण आहे?’ म्हणायला सुरुवात केली होती.

सात नंबर अंकुशच होता. शेवटच्या शर्यतीपर्यंत मैदानाची पार भुकटी झाली होती. पाचव्या फेरीला सहा गाड्या एकदम उंचवट्यामागच्या वळणात शिरल्या आणि धुळीचा असा लोट उठला की माझ्या कॅमेऱ्यात नुसता तांबडा पडदा.

“धूळ आहे,” भाभी म्हणाल्या. “मला काही दिसत नाही. दिसलं की सांगते.”

गणूशेठ हातवारे करायला लागला, बोला, काहीतरी बोला. भाभींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मोजत होत्या.

“बारा आला. तीन आला. नऊ. चार. अकरा. सहा गेले होते, पाच आले. सात नंबर आलेला नाही.”

भाभी उठून उभ्या राहिल्या, माइक हातात तसाच.

“थांबा. सात नंबर दिसला. गाडी आडवी आहे. तो गाडीखाली नाही, बाजूला आहे. बसलाय. हेल्मेट त्यानं स्वतःच्या हातानं काढलं. आता उठतोय.” त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. “गुणाबाई, तुम्ही ऐकत असाल तर ऐका. अंकुश उभा आहे. डावा पाय टेकवत नाही, लंगडतोय. दोघं त्याला धरून आणतायत. तो बोलतोय. हसतोयसुद्धा. तुम्ही या, पण सावकाश या.”

मग त्या बसल्या आणि म्हणाल्या, “बारा पुढे आहे, तीन मागे.”

गणूशेठनं नंतर कुरकुर केली, टीव्हीवर असं घरच्यांचं नाव घेऊन बोलायचं नसतं म्हणून. तेवढ्यात गुणाबाई आली. चालत आली, चप्पल घालून, शेजारणीला बरोबर घेऊन. पोराचा घोटा मोडला होता. त्याला टेम्पोत बसवून पनवेलला न्यायच्या आधी ती मंडपाशी आली आणि भाभींना म्हणाली, “बाय, तू सांगितलास म्हनून जीव ठिकानावर ऱ्हायला.” आणि भाभींच्या हातात तिनं ओंजळभर आवळे ठेवले. गणूशेठनं तो विषय पुन्हा काढला नाही.

अय्यूबभाईंनी मात्र संध्याकाळी नापास केलं. “तिसऱ्या शर्यतीत चौथा कोण आला ते सांगितलंच नाहीस,” म्हणाले.

दोन हजार तेरापर्यंत भाभी दर जानेवारीला बसल्या. उरणजवळ द्रोणागिरीच्या मोकळ्या प्लॉटांवर एकदा शर्यती झाल्या, तिथेही गेल्या. नंतर सेट टॉप बॉक्स आले, गणूशेठचं चॅनेल बंद पडलं आणि शर्यतीच्या शेतांना कुंपणं पडली. भाभींना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग पडला होता.

दोन हजार चौदामध्ये एका तपासणीत नव्या डॉक्टरांना अय्यूबभाईंच्या उजव्या डोळ्यात काही जीव शिल्लक वाटला. ऑपरेशन झालं. पूर्ण नाही, पण टीव्हीला नाक लावून बसलं की रंग आणि हालचाल दिसायला लागली. मी भेटायला गेलो तो रविवारच होता. भाभी सवयीनं सांगत होत्या आणि अय्यूबभाई पडद्याजवळ स्टुलावर बसून प्रत्येक वाक्य तपासत होते. मध्येच भाभी उठून आत गेल्या. आणि आतून आवाज आला, “निळी गाडी अजून पुढेच आहे, मागची जवळ येतेय…”

अय्यूबभाई सावकाश वळले. “निळी तर आत्ता टायर बदलायला गेली. तू आतून काय बघतेस?”

मग भाभी दारात आल्या, हाताला पीठ.

“भाकरी करपायची वेळ आली की मी अंदाजानं सांगायचे,” त्या म्हणाल्या.

“सात वर्षं?”

“दर रविवारी नाही. भाकऱ्या असतील तेव्हाच.”

अय्यूबभाई इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून भाभी त्यांच्यावर ओरडल्या.