चित्र अडलं की बोलणं अडतं

लोणावळ्याच्या वर कुरवंड्यात, नागफणीच्या कड्याच्या पायथ्याला उज्ज्वलाचं घर. नवरा हनुमंत रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या देखभालीवर असतो. घरात सासू बयाबाई. एकुलती एक लेक स्नेहल नाशिकला नोकरी करते. स्नेहलला जन्मापासून ऐकू येत नाही.

ती तान्ही असताना शेजारी परात पडली तरी दचकली नाही, तेव्हा उज्ज्वलाला ते पहिल्यांदा कळलं. मग कुणी नवस सुचवले, कुणी अंगारा आणून दिला. उज्ज्वलाने कुणाचं मन मोडलं नाही, पण पोर जरा मोठी होताच तिला कडेवर घेऊन ती पुण्याच्या मूकबधिर शाळेत जाऊन थडकली. तिथे आईबापांसाठीही खुणांच्या भाषेचा वर्ग असे. बहुतेक जण चार वेळा यायचे आणि थांबायचे. उज्ज्वला भातलावणीच्या दिवसांतही वर्ग चुकवत नसे. चिखलाने भेगाळलेल्या बोटांनी खुणा गिरवायची, घरी येऊन त्या नवऱ्याला आणि सासूला शिकवायची. बयाबाईंना शाळेतल्या खुणा काही ध्यानात राहत नसत, म्हणून त्यांनी आपल्या आपणच काढल्या. ‘घर’ म्हणायचं झालं की त्या हाताचा पंजा नागफणीसारखा उभा धरत. पुढे सगळ्या घराचीच ती खूण झाली.

अशी बोलायला शिकलेली पोर कमावती होऊन नाशिकला गेली. छापखान्यात खोक्यांवरची चित्रं तयार करायचं काम तिला मिळालं. त्यानंतर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरलेला. उज्ज्वला चुलीपुढून उठायची, हात पुसायची आणि फोन डब्यांना टेकवून उभा करायची. दोन्ही हात मोकळे लागतात ना.

यंदा वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला. नेटचं काम बघणारा कैलास लोणावळ्याहून नवा राउटर घेऊन आला. पोरगा मनमिळाऊ, कामालाही चोख. भिंतीला भोक पाडायला कपाट सरकवावं लागलं, तेही त्याने आणि हनुमंताने मिळून सरकवलं. बाहेरच्या खोलीत जिथे तारेतून नेट येतं, तिथे एक पांढरा डबा होता. तो तिथेच राहिला. राउटर मात्र उज्ज्वलाच्या सोयीने स्वयंपाकघराच्या दाराच्या वर चढवला. दोन्हींना जोडणारी लांब वायर जुनीच होती, तीच पुन्हा लावली.

त्या संध्याकाळपासून बोलणं बिघडलं.

स्नेहल पडद्यावर यायची, हात उचलायची आणि मधेच थिजायची. मग एकदम पुढचंच काही दिसायचं. कानाने बोलणाऱ्यांचं चित्र अडलं तरी आवाज येत राहतो, निम्मं तरी समजतं. इथे हात दिसले नाहीत की सगळंच गेलं. एकदा स्नेहल हसऱ्या चेहऱ्याने काहीतरी सांगू लागली. तिचे दोन हात एकमेकांजवळ येताना दिसले आणि तिथेच अडकले. भेट झाली, भांडण झालं की आणखी काही, उज्ज्वलाला उमजेना. तिने पुन्हा सांग म्हणून खुणावलं. पुन्हा तसंच झालं. शेवटी स्नेहलचा मेसेज आला, ‘आई, हे लिहून नाही सांगायचं. तुझ्याकडे बघत सांगायचंय. रविवारी माझ्याबरोबर तुषार असेल, त्याचे आईवडीलही असतील.’

उज्ज्वलाने तो मेसेज नवऱ्याला वाचून दाखवला. हनुमंत म्हणाला, “बोलणं न्हाई झालं तर पावनं काय समजतील?”

कैलास मधल्या काळात एकदा येऊन गेला होता. पांढऱ्या डब्यापाशी त्याने तपासलं, तर नेट पुरं येत होतं. पुन्हा येतो म्हणाला होता, पण शनिवारी पर्यटकांच्या गाड्यांनी लोणावळा तुंबलं आणि तो खालीच अडकला. फोनवर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की उद्याही वर पोचेन असं वाटत नाही.

“मग तू फोनवर ऱ्हा,” उज्ज्वला म्हणाली. “मी करते, तू सांग.”

गावात झऱ्याचं पाणी पाइपाने येतं. मागे एकदा ते आटलं, तेव्हा लोक नळाशी भांडत बसले होते आणि उज्ज्वला टाकीपासून एकेक जोड उघडून बघत खाली आली होती. आता तिने तसंच करायचं ठरवलं.

आधी टीव्ही बंद केला. हनुमंताचा फोन बंद केला. शेजारच्या घरी पाहुण्यांना राहायला खोल्या देतात, त्यांना कधीतरी पासवर्ड सांगितला होता, तो कैलासला विचारून बदलला. फरक पडला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. तेच. मग तिला वाटलं, भिंती दगडी आहेत, त्या अडवत असतील. ती फोन घेऊन स्टुलावर चढली आणि राउटरच्या अगदी पुढ्यात धरला. तिथेही नेट रडतच होतं. म्हणजे भिंतींचा दोष नव्हता.

स्नेहलचा जुना लॅपटॉप घरात होता. कैलासने सुचवलं, “मावशी, नव्या राउटरच्या खोक्यात एक छोटी वायर असेल. ती लावून लॅपटॉप थेट पांढऱ्या डब्याला जोडा.” तिने जोडला. चित्रं झरझर उघडली. मग तोच लॅपटॉप उचलून तिने राउटरला जोडला. पुन्हा रखडपट्टी.

उज्ज्वला जमिनीवर बसली. पाणी टाकीत आहे, नळाला नाही. मधे काय आहे? मधे राउटर आहे आणि डब्यापासून राउटरपर्यंत गेलेली ती लांब वायर आहे. तिने वायरीला हात लावला आणि तिच्यावरून बोटं फिरवत निघाली. दाराकडून भिंतीच्या कडेने, पुढे कपाटामागे. तिथे वायर हाताला येईना. ओढली तर हलेना.

“अवं, जरा कपाट उचला,” तिने हनुमंताला हाक मारली.

कपाटाच्या पायाखाली वायर पार चेपून गेली होती. वरचं कातडं फाटून आतल्या बारीक तारा उघड्या पडल्या होत्या. पुरती तुटली असती तर नेट बंदच पडलं असतं आणि दोष तेव्हाच कळला असता. अर्धवट जीव होता म्हणून सगळे चकले.

फोनवर हे ऐकून कैलास ओशाळला. कपाट मीच सरकवलं, जाताना खाली बघायला हवं होतं, असं म्हणाला. उज्ज्वलाने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. कपाट आपल्याच घरातलं, आपणही बघितलं नाही, असं सांगून तिने छोटी वायर लावून चालेल का ते विचारलं. चालणार होती, पण ती हातभरच. राउटर खाली काढून बाहेरच्या खोलीत पांढऱ्या डब्याशेजारी ठेवावा लागला.

त्यामुळे रविवारचं बोलणं चुलीपुढे न होता बाहेर, सगळ्यांसमक्ष झालं. बयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मधोमध बसल्या. पडद्यावर स्नेहल आली, शेजारी उंचसा तुषार, मागे त्याचे आईवडील. स्नेहलने हात उचलले, दोन्ही हात जवळ आले आणि या वेळी एकमेकांत गुंफले गेले. लग्न.

उज्ज्वलाचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. तिने तुषारला गाव विचारलं, काम विचारलं, माझी पोर रागीट आहे, चालेल का, असंही विचारलं. तोही स्नेहलसारखाच, न ऐकणारा. तो इतक्या भराभर उत्तरं देऊ लागला की उज्ज्वलाला त्याला दमाने घे म्हणून सांगावं लागलं. बयाबाईंनी मधेच घुसून आपल्या खुणेने त्याला जेवायला बोलावलं. तो हसला आणि येतो म्हणाला.

तुषारची आई मागे उभी राहून हे बघत होती. तिला यातलं काही येत नव्हतं. पोराशी ती आजवर लिहून, नाहीतर तोंडाची हालचाल करून बोलत आली होती. पोरगा एवढं बोलतो, हे जणू ती पहिल्यांदाच बघत होती. जरा वेळाने ती पुढे आली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही याला आत्ता काय विचारलंत? तो हसला ते?”

उज्ज्वलाने सांगितलं. सासूने त्याला जेवायला बोलावलं, म्हणाली.

“मला दाखवाल? मी कधी शिकलेच नाही.”

उज्ज्वलाने पदर खोचला, फोनसमोर सरकून बसली आणि आईला रोज लागेल अशी ‘जेवलास का’ची खूण सावकाश, एकेक बोट दाखवत केली. तिकडे त्या माउलीचा हात अवघडत वर आला. पहिल्यांदा चुकला. उज्ज्वलाने मान हलवून पुन्हा दाखवलं. दुसऱ्यांदा जमलं, तशी ती वळली आणि आपल्या मुलाला विचारलं.

तुषार आईकडे बघतच राहिला. मग त्याने उत्तर दिलं, आणि काय म्हणाला ते त्याच्या आईला उज्ज्वलाने सांगितलं. अजून जेवलो नाही, तू वाढ, असं म्हणत होता.