न दिलेली दवंडी

लटारू खोब्रागडे म्हणजे गावचा कोतवाल. डफडं वाजवून त्यानं हाळी दिली की पार शेवटच्या बांधीत धान लावणारा माणूस मान वर करायचा. असा हा गडी १९८६ साली चंद्रपूरच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला, आणि तोंडातून शब्द फुटेना!

भानगड अशी. एका कारखान्याला आपलं घाण पाणी गावच्या तलावात सोडायचं होतं. पिणं, ढोरं, धान, ढिवरांची मासोळी, गावाचा सगळा निस्तार त्या तलावावर. आधी दवंडी देऊन हरकती मागवायला हव्या होत्या. कारखानेवाले म्हणाले, दवंडी झाली, हरकत एकही आली नाही. हा बघा कोतवालाचा अंगठा! मग ढिवरांच्या केसरबाईनं गाव गोळा केलं आणि ठोकला दावा.

"लटारूभाऊ, दवंडी दिली होती?" गावाच्या वकिलानं विचारलं.

खरं बोलावं तर सतरा वर्षांची नोकरी जाणार. समोर केसरबाई पदर तोंडात धरून बसलेली.

"नाई दिली, साहेब! तालुक्याच्या बाबूनं कागद पुढं केला, मी अंगठा मारला. त्यात का लिवलं, ते इचारलंच नाई. चूक माही हाये."

कोर्टात एकच गलका! कारखान्याचा वकील ताडकन उठला. "खोटं! कागदावर स्पष्ट आहे. शुक्रवार, चौदा मार्च, सकाळी दहा वाजता दवंडी दिली."

"शुक्रवार?" लटारूचे डोळे लकाकले. "अवो, दर शुक्रवारी सकाळी मी गोंडपिपरीले तहसिलीत हजेरीले असतो! सतरा वर्षांत एक खाडा नाई. रजिस्टर मागवा ना!"

पुढच्या तारखेला रजिस्टर आलं. चौदा मार्च, सकाळी दहा, लटारूचा अंगठा! एकाच वेळी माणूस दोन गावी कसा असेल? न्यायाधीशांनाही हसू आवरेना. तलावात थेंबभरही घाण सोडायची नाही, असा मनाई हुकूम त्यांनी दिला. गाव नुसतं नाचलं!

महिन्याभरात लटारूची नोकरी गेली. केसरबाई ताज्या मासोळ्या घेऊन त्याच्या दारी आली.

"भाऊ, वाईट वाटते का?"

"वाटते ना, बाई! लय वाटते," लटारू म्हणाला. "पण उद्या पुन्हा इचारलं, तं पुन्हा हेच सांगीन."