फुकटची लायब्ररी आणि आप्पांची वखार

आमच्या ऑफिसात काम कमी आणि किस्सेच जास्त साठतात. बेळगावात दोन खोल्या, त्यात मी आणि अश्विनी, एवढीच आमची कंपनी. निपाणीच्या तंबाखू वखारींना वजनाच्या पावत्या छापणारं सॉफ्टवेअर आम्ही ‘बनवतो’. म्हणजे लोकांनी नेटवर फुकट ठेवलेल्या लायब्रऱ्या, तयार कोडच तो, एकमेकांना जोडतो. इतकी वर्षं मी ह्याला स्वतःची अक्कल समजत होतो!

*

एका सकाळी मेल आला. पावती छापणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीला आता लायसन्स लागणार. मी खवळलो. “आपल्यासारख्यांच्या जिवावर मोठे झाले आणि आता पैसे मागतात!”

चिकोडीची अश्विनी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “सर, आपण त्यांना कधी साधं थँक्यू तरी म्हटलंय काय?”

मी चहा सांगायला बाहेर गेलो.

*

मग मी त्यांना दोन पानी निषेध लिहिला, इंग्रजीत! लगेच अतिशय नम्र उत्तर आलं. ‘आपला ग्राहक क्रमांक कळवावा.’

फुकट्याला कुठला क्रमांक असणार?

*

निपाणीचे आप्पा आमचे पहिले ग्राहक. बाकीच्या वखारी त्यांच्याच शब्दावर आल्या. आप्पा गेले तर आमचं दुकान बंद, ही भीती मला कायम असते. त्यांना घाबरत फोन केला, “आप्पा, एक लायसन्स घ्यावं लागेल.”

“का रं? सगळं घरी केलंय म्हणालतास न्हवं? मग घरच्या वस्तूला लायसन कशाला?”

जुन्याच आवृत्तीवर काम चालू ठेवलं.

*

पण राग काही जाईना. पावतीवर एकाच ओळीत कन्नड आणि मराठी छापणारी एक छोटी लायब्ररी मी खरंच स्वतः लिहून नेटवर फुकट ठेवली होती. तिच्या नव्या आवृत्तीला कुलूप घातलं. ‘लायसन्ससाठी संपर्क करा’ आणि खाली माझा नंबर! घेऊ दे जगाला धडा!

“सर, पण ती वापरतं कोण?” अश्विनीनं विचारलं.

“जगभर वापरतात!” मी म्हणालो. ती लग्नाला म्हणून सुट्टीवर गेली.

*

आमचं सॉफ्टवेअर रोज सकाळी सगळ्या नव्या आवृत्त्या आपोआप ओढून घेतं. हीसुद्धा माझीच हुशारी. फक्त त्या महागड्या लायब्ररीपुरतं ते बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांचा फोन. “आरं, पावती येईना झालीय! दारात ट्रॅक्टर थांबल्यात आणि स्क्रीनवर कोणतरी लायसन मागायलाय!”

फोन कानाला धरूनच मी कुलूप काढायला कॉम्प्युटर सुरू केला.

“नंबर दिलाय बघ त्यानं. तू फोन ठेवू नगो. मी आमच्या मंडळींच्या फोनवरनं लावतो त्याला. लई माजलाय!”

“आप्पा, नको, मी बघतो ना...”

कानाशी माझा फोन टूं टूं करायला लागला.

“लागला बघ! पण उचलंना झालाय. दुसऱ्या कुणासंगं तरी बोलत बसलाय वाटतं.”

“थांबा आप्पा,” मी म्हणालो, “मोकळा झाला की तो स्वतःच करील.”