कुकरमधला केक
“कॅमेरा चालू हाय, आता कोनी बोलायचं नाय गो,” प्रेक्षकांत माझ्या मागे बसलेल्या बाईने सगळ्यांना दटावलं. मुरबाडच्या हॉलमध्ये केबलवर दाखवायची हौशी बायकांची केक स्पर्धा होती. आईने कुकरमध्ये पाण्याऐवजी वाळू पसरून वर केकचं भांडं ठेवलं होतं. अशा वेळी झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायच्या असतात, नाहीतर रिंग जळते आणि आत वाफ कोंडून झाकण उडू शकतं. पण रोजच्या भाताच्या सवयीने तिने दोन्ही लावल्या होत्या. शिट्टी काही होत नव्हती. व्हॅनिलाच्या वासात जळक्या रबराचा वास मिसळू लागला. आई कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि कुकरवर वाकली. परवा माझ्या स्वतःच्या घरी कुकरची रिंग जळाली, तेव्हा त्याच वासाने मला तो हॉल आठवला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी त्या दिवशी मात्र उभी राहून ओरडले होते, “आई, मागे हो! शिट्टी तशीच राहिलीये!”