पावण्याला दहापैकी दहा

कोल्हापुरात पावण्याला कमी गुण देणं म्हणजे त्याला उपाशी परत पाठवणं. हे ठाऊक असूनही आमच्या प्रोग्रामर मंडळींच्या मेळाव्यात मी भाषणांना गुण द्यायच्या चिठ्ठ्या वाटल्या. वक्ते चार, चौघेही बाहेरगावचे पावणे. प्रत्येकाने आपली एखादी उपयोगाची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला कामाला लावणाऱ्या चार ओळी, दाखवायची आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याने बंगळूरच्या परिषदेत बोलायला जायचं.

त्यांतली एक कबनूरची मुलगी, यंत्रमाग कारखान्यात संगणक सांभाळणारी. तिने मला सकाळीच जिन्यात गाठलं.

"काका, मला बंगळूरला जायचंच हाय. पण गुण खरे सांगा. घरात सगळी चांगलंच म्हणत्यात."

तिची स्क्रिप्ट झकास होती. एकच डिझाइन दहा नावांनी साठवलेलं असलं, तरी सगळ्या जुळ्या फायली क्षणात समोर. बोलली मात्र ती पडद्याशी. आम्हाला शेवटपर्यंत पाठच दिसली.

चौथं भाषण संपेपर्यंत माझी कंबर गेली होती आणि टाळ्या वाजवायची हौसही. तरी चिठ्ठ्यांची सरासरी काढायला मी बाह्या सरसावून माझी स्वतःची स्क्रिप्ट चालवली. निकाल आला: दहा, दहा, दहा, दहा.

कागदावर भिडस्त असलेली आमची माणसं चहाच्या गाड्यावर भिडस्त नसतात. मी कप घेऊन गाड्याच्या आडोशाला उभा राहिलो.

"पुण्याचं पावणं लई गोड बोललं की!"

"गोड व्हय. कामाचं काय न्हाय."

"आणि ती कबनूरची?"

"काय बोलली तिचं तिला ठावं. पण स्क्रिप्ट मी बसल्या जागी उतरवून घेतली. माझ्याकडं ढीगभर जुळ्या फायली निघाल्या!"

पुढच्या दोन बाकांवरही हेच. मी आत जाऊन तिचं नाव बंगळूरला कळवलं. सुटलो म्हणून पिशवी उचलतो, तर ती दारात.

"तुझंच नाव गेलं," मी म्हणालो.

ती हसली नाही. "गुण किती?"

"स्क्रिप्टला नऊ. बोलण्याला चार."

तिचा चेहरा उतरला. आता रडते की काय, म्हणून मी रुमाल चाचपला.

"सहा कुठं गेले?"

"पाठीत. सगळा वेळ आम्हाला पाठच बघायला लावलीस."

मंडपवाले खुर्च्या उचलत होते. तिने त्यांच्या हातातली एक ओढून घेतली आणि मला तीत बसवलं.

"आता तोंड हिकडं करून सांगतो. झोपायचं न्हाय, काका."